गल्ली त्रेचाळीस

मनगटावरचं यंत्र टॅम्सिनला सांगतं:
गल्ली त्रेचाळीस, कप्पा ड, मांजराच्या बिस्किटांची पिशवी,
सात सेकंद.
ती नवव्या सेकंदाला पोचते.
यंत्र रागावत नाही. नुसतं थरथरतं,
आणि कुठेतरी एक आकडा पिवळा होतो.

नॉर्थॅम्प्टनशरच्या सपाट शेतांत
हे गोदाम इतकं मोठं की आत शिरलेली चिमणी
आठवडाभर बाहेरची वाट शोधते.
तिच्या भिरभिरण्याची नोंद मात्र होत नाही.

मंगळवारी संध्याकाळी ती चर्चच्या बावन्न पायऱ्या चढते.
वर सहा घंटा, खाली लोंबणारे सहा दोर,
लाल-निळ्या लोकरीच्या मुठीचे,
आणि विनिफ्रेड टिली, वय एक्क्याऐंशी,
गुडघ्यांना शिव्या देत सगळ्यांच्या आधी हजर.

इथे कुणी गाणं वाजवत नाही. वाजवतात क्रम.
एक दोन तीन चार पाच सहा.
मग दोन एक चार तीन सहा पाच.
मग दोन चार एक सहा तीन पाच.
घंटा जड, एका खेपेला एकच घर सरकते,
आणि येऊन गेलेला क्रम परत यायचा नाही.
आला, तर सगळं वादन खोटं.
खोटं म्हणजे एवढंच इथे: पुन्हा तेच.

सातशेवीस क्रम. डोक्यात धरायचे, कागद नाही.
दिवसभर नियमाने धावलेली ती
इथेही नियमानेच वागते,
मग खांदे कसे सैल होतात?
विनिफ्रेड म्हणते, "दोर कुणाच्या हातात आहे ते बघ की."

(आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, सूत्र:
नियमही तोच, धागाही तोच.
ओढणारा कोण आणि ओढला जाणारा कोण,
हे शब्द सांगत नाही.)

हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या टेबलावर
तिने एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला.
खऱ्या असतील तेवढ्या रचना शोध, म्हणाली,
चांगली कुठली ते माझं मी बघेन.
रात्रभर लॅपटॉपचा पंखा घुमला.
सकाळी अकरा हजार दोनशे सहा,
सगळ्या खऱ्या, बहुतेक कंटाळवाण्या,
आणि काही अशा, ज्या तिला सात जन्मांत सुचल्या नसत्या.
एकीत पाचवी घंटा मागे फिरता फिरता थबकते,
निरोप घेऊन निघालेला पाहुणा
काही सांगायचं राहिलं म्हणून दारातून वळतो, तशी.

जेवणाच्या सुट्टीत ती त्या वाचायची,
जीभ टाळूला लावून, टण, टण.
बोगुस्लाव म्हणाला, प्रार्थना करतेस?
नाही, निवडतेय.
पुढच्या मंगळवारी तोही बावन्न पायऱ्या चढून आला.

पाहुण्याची रचना तिने घेतली, तीही जशीच्या तशी नाही.
शेवटाकडची एक घडी उसवून आपली घातली.
यंत्राला विचारलं: खरं?
यंत्र म्हणालं: खरं.
छान आहे का, हे तिने विचारलं नाही.

वसंत सरला. तीन मंगळवार फसले.
एकदा तीनशेव्या क्रमाला बोगुस्लाव हरवला,
आणि कुठलाही आकडा पिवळा झाला नाही.
विनिफ्रेडने नाक शिंकरलं, म्हणाली, "पुन्हा."

मग एकदा, बाहेर कुणीतरी गवत कापत असताना,
सव्वीस मिनिटं सहा माणसं एकमेकांच्या हातांकडे बघत राहिली
आणि काही परत आलं नाही.
शेवटी एक दोन तीन चार पाच सहा.
शांतता. गवताचा वास.

पहिल्यांदा वाजवणाऱ्यांनी नाव ठेवायचं, असा रिवाज.
गावाचं ठेव, म्हणाले. विनिफ्रेडचं ठेव.
टॅम्सिनने वहीत लिहिलं: गल्ली त्रेचाळीस.
बोगुस्लाव एवढा हसला
की त्याला पायरीवर बसावं लागलं.

बुधवारी सकाळी, त्याच गल्लीत,
ड कप्प्यासमोर तिचा हात वर जाऊन थांबला,
पाचवीसारखा.
मनगट थरथरलं. पडद्यावर अक्षरं:
थांबण्याचं कारण निवडा.
शौचालय. बिघाड. दुखापत. इतर.

टॅम्सिनने सावकाश वाचलं,
आणि दाबलं: इतर.